हसू आलं की उठून जाणारे भावजी

आमच्या घरी पाहुणे जेवायला आले, की एक गोष्ट ठरलेली असे. जेवण रंगात येतं, कुणीतरी गमतीचं काही बोलतं, सगळे खो खो हसतात, आणि नेमके तेव्हाच माझे धाकटे दीर उठतात. ताटात उरलेले दोन घास घाईघाईने तोंडात कोंबतात, ताट उचलतात, विसळून ठेवतात आणि आपल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतात. मागे सगळ्यांचं हसू अर्ध्यावरच लोंबकळत राहतं. पाहुणे एकमेकांकडे बघतात. मग कुणीतरी हळूच विचारतं, "काय हो, आमचं काही चुकलं का?"

"छे छे! त्याचं असंच आहे," असं म्हणून आमचे हे भाताचं भांडं पुढे सरकवतात.

हे 'असंच आहे' मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकत आले. तेव्हा भावजी कॉलेजात होते. आता त्यांच्या कानशिलांवरचे केस पांढरे झालेत. लग्न झालं नाही. दोन ठिकाणी बोलणं निघालं होतं, दोन्ही ठिकाणी पहिल्या भेटीतच बारगळलं. एका मुलीच्या आत्याने तर जाता जाता जिन्यातच म्हटलं, "मुलगा घमेंडी वाटतो." भावजी दाराशीच उभे होते. त्यांनी ऐकलं नसेल, असं आम्ही सगळे आपापल्या सोयीने धरून चाललो.

रोज संध्याकाळची प्रार्थना झाली, की मी वहीत चार ओळी लिहिते. कोण आलं, कोण गेलं, कुणाला ताप आला. भावजींबद्दल त्यात फारसं काही नसे. ज्या माणसाचा कसलाच त्रास नसतो, त्याच्याबद्दल लिहायचं तरी काय? गेल्या वर्षभरात मात्र पानंच्या पानं त्यांच्यावरच गेली. ते सगळं आज एका जागी, नीट लिहायला बसले आहे.

भावजी चष्म्याच्या दुकानात काम करतात. पुढे काउंटरवर मालक आणि आरसे. मागे पडद्याआडच्या खोलीत भावजी आणि त्यांची यंत्रं. गिऱ्हाइकाच्या नंबरची काच आली, की ती फ्रेमच्या आकाराला घासायची, बसवायची, मग चष्म्याची काडी गरम हवेवर धरून कानाच्या वळणाप्रमाणे वाकवायची. दुकानात सगळे त्यांना भिंगराव म्हणतात. काम असं चोख, की मालक त्यांना सोडत नाही. आणि बोलणं असं, की मालक त्यांना पुढे येऊ देत नाही. फक्त शेवटी, चष्मा चेहऱ्यावर नीट बसला का ते बघायला, त्यांना हाक मारावीच लागते.

एकदा मी माझाच चष्मा घ्यायला गेले होते. एक बाई आरशासमोर मान तिरकी करून विचारत होत्या, "कसा दिसतो हो मला?"

भावजींनी वाकून निरखून पाहिलं. "डावा कान खाली आहे. काडी वाकवावी लागेल."

बाईंनी पटकन केस पुढे ओढले. मालक घाईघाईने म्हणाले, "अहो भिंगराव, कानाचं काय काढता? बाईंकडे बघा की जरा!"

"बाईंकडेच बघत होतो," भावजी म्हणाले. "कान बाईंचाच आहे."

मी तोंडाला पदर लावून बाहेर आले आणि पायरीवर बसून पोटभर हसून घेतलं. माणसाच्या डोळ्याला डोळा म्हणून भिडवत नाहीत हे गृहस्थ, आणि पोट भरतं ते डोळ्यांच्या जिवावर! देवालाही अशा गमती सुचतात.

चाळिशी उलटल्यावर भावजी आपणहून एका डॉक्टरीणबाईंकडे जाऊ लागले. कुणी सांगितलं, कुठे वाचलं, ठाऊक नाही. एके दिवशी जेवताना म्हणाले, "मला ऑटिझम आहे. लहानपणापासूनच आहे. आज नाव कळलं."

हे म्हणाले, "मग गोळ्या किती दिवस घ्यायच्या?"

"गोळ्या नाहीत."

"मग एवढ्या फेऱ्या मारल्यास, त्या डॉक्टरने केलं काय?"

"ऐकलं," भावजी म्हणाले आणि पुढचा घास घेतला.

याला आपल्याकडे स्वमग्नता म्हणतात, असं लेकीने सांगितलं. त्या शब्दाशी माझं अजून जमलेलं नाही. स्वतःत मग्न झालेला माणूस कसा असतो ते मला चांगलं माहीत आहे, त्याच्याशीच माझं लग्न झालंय. हे पेपर वाचत असताना घर पेटलं, तर आधी पान उलटतील आणि मग विचारतील, "काही जळतंय का गं?" भावजी तसे नाहीत. पण ते किती नाहीत, हे कळायला मला टाचणीताई भेटावी लागली.

चष्म्याच्या दुकानाला लागूनच कपडे दुरुस्त करून देणारीचं दुकान होतं. पँटची उंची कमी करणं, कंबर सैल करणं, कोटाचं अस्तर बदलणं, पडदे शिवणं असली कामं. बाई भावजींच्याच वयाची असेल. एकटी राहायची. काम करताना ओठांत टाचण्या धरलेल्या, आणि त्या तशाच धरून ओठांच्या एका कोपऱ्यातून बोलणं चालू. सगळा रस्ता तिला टाचणीताई म्हणायचा, आणि तिचीही त्याला हरकत नव्हती. दोन्ही दुकानांच्या मागे एक सामाईक अंगण होतं. त्यात एक नळ, एक लाकडी बाक. दुपारी दोघं त्या बाकावर बसून आपापला डबा खात.

हे मला कळलं ते वाटीवरून. भावजींच्या पिशवीतून कधीमधी परकी वाटी घरी येई. "वहिनी, ही टाचणीताईंची आहे. धुऊन परत द्यायची आहे." मग रिकामी वाटी कशी द्यायची म्हणून मी त्यात काहीतरी घाली. आठ-पंधरा दिवसांनी वाटी परत भरून येई.

"हे काय चाललंय?" ह्यांनी एकदा विचारलं.

"वाटी चाललीये," भावजी म्हणाले. "इकडून तिकडे."

आमच्या लेकीला ठसका लागला. भावजी उठून खोलीत गेले.

गेल्या हिवाळ्यात मी पडदे शिवायला टाकले होते, ते आणायला गेले. टाचणीताई गुडघ्यांवर बसून एका कोटाची कड दुमडत होती. मला पाहून तिने खुणेनेच बसायला सांगितलं. पडद्यांचं बोलून झालं. मग तिने ओठांतल्या टाचण्या एकेक काढून उशीत खोचल्या. आता काहीतरी गंभीर निघणार, हे मला त्यावरूनच कळलं.

"वहिनी, एक विचारू? राग नाही ना मानणार?"

"विचार की."

"तुमच्या दिरांना माझा कंटाळा येतो का हो?"

"कंटाळा? तुझा?"

"नाही म्हणजे, बोलतात माझ्याशी. चांगले बोलतात. मी आपलं काहीबाही सांगते, गिऱ्हाइकांच्या गमती सांगते. पण मला हसू फुटलं रे फुटलं, की ह्यांनी डब्याला झाकण लावलंच! उठले, निघाले. इतकी वर्षं झाली, यांच्यासमोर माझं हसणं कधी पुरं झालेलं नाही. माझं हसणं एवढं वाईट आहे का?"

"अगं, काहीतरीच काय!"

"बहीण म्हणते, मी घोड्यासारखी हसते."

"बहिणीला काय कळतंय?"

"तिला बरंच कळतं," टाचणीताई म्हणाली आणि बोटाने कोटावरची न दिसणारी धूळ झटकत बसली. मग हळूहळू सगळं सांगितलं. तिच्या बहिणीचं दूरच्या एका शहरात शिवणकामाचं मोठं दुकान आहे, हाताखाली बायका आहेत. आता तिला पाठीच्या दुखण्याने बसवत नाही. तू ये, माझ्याजवळ राहा, दुकान सांभाळ, म्हणून ती मागे लागली होती. होय की नाही ते या आठवड्यात सांगायचं होतं.

"मग? जाणार?"

"इथे मला धरून ठेवणारं काय आहे वहिनी? हे मशीन? त्याला तर चाकं आहेत." आणि ती हसली. खरंच थोडी घोड्यासारखी हसली, पण इतकं मोकळं, की आपल्यालाही हसू यावं. मग स्वतःच थांबली आणि टाचण्या परत ओठांत धरल्या.

पडदे घेऊन घरी येताना माझ्या मनात पाल चुकचुकत होती. वाटेत दोनदा थांबले. परतून तिला सांगावं का? पण सांगणार काय? त्याचं असंच आहे?

भावजींशी बोलायची एक जागा आहे, ओट्याजवळची. मी भांडी घासते, ते पुसून मांडणीत लावतात. दोघांचीही तोंडं भिंतीकडे असतात. समोरासमोर बसवून विचारलं तर त्यांच्याकडून एक शब्द निघायचा नाही. भिंतीकडे तोंड केलं की निघतो. त्या दिवशी जेवणं झाल्यावर मी ताट विसळता विसळता विचारलं, "भावजी, सगळे हसायला लागले की तुम्ही उठून का जाता?"

"तीच वेळ चांगली असते," ते म्हणाले.

"कशाला चांगली?"

"जायला."

मला काही उमगेना. मी घासत राहिले. मग त्यांनी जे सांगितलं, ते मी त्यांच्याच शब्दांत लिहिते.

"वहिनी, पहिल्या भेटीत लोकांना मी आवडत नाही. हे मला माहीत आहे. तोंडावरून नाही कळत मला, पायांवरून कळतं. गिऱ्हाईक एक पाऊल मागे सरतं. बायका पर्स या खांद्यावरची त्या खांद्यावर घेतात. मालकांचा आवाज वर जातो. मी घमेंडी वाटतो, असं ती जिन्यातली बाई म्हणाली होती. कुणाला विक्षिप्त वाटतो. हे सगळं मला माहीत असतं. मग थोड्या वेळाने लोकांना सवय होते. मग कधीतरी एक चांगला क्षण येतो, सगळे हसतात, मीही तिथेच असतो. पण त्याच्यानंतर मी बिघडवतो. मी काचांबद्दल बोलायला लागतो आणि मला थांबता येत नाही. लोकांना कधी पुरे झालं ते मला कळत नाही. आई होती तेव्हा ती सांगायची."

"सांगायच्या? सासूबाई? कधी?"

"टेबलाखालून. गुडघा दाबायची. एकदा दाबला की आवरतं घ्यायचं. दोनदा दाबला की गप्प."

सासूबाई जेवताना कायम भावजींच्या शेजारी बसत. धाकटा म्हणून लाडका, असंच मी समजून चालले होते.

"आई गेल्यावर कोण दाबणार?" भावजी ताट पुसत म्हणाले. ते केव्हाच कोरडं झालं होतं. "मग मी ठरवलं, हसू आलं की उठायचं. बिघडायच्या आधीच. म्हणजे माझं शेवटचं काय राहतं लोकांकडे? हसू राहतं."

हा माणूस वर्षानुवर्षं रंगलेल्या पंगतीतून उठत होता, तो आमच्या मनात बरा उरावा म्हणून. आणि आम्ही? पाहुणे जिना उतरेपर्यंत आम्ही त्यांची समजूत काढत होतो. हाच म्हणे स्वतःत मग्न.

सांगावं की न सांगावं, याचा मी क्षणभर विचार केला. पण टाचणीताईचा आठवडा सरत आला होता.

"भावजी, तसं होत नाही. तुम्ही उठता ना, तेव्हा लोकांना वाटतं की हसलेलं तुम्हाला आवडलं नाही. तुम्हाला आमचा कंटाळा आला."

ते ताट धरून उभे राहिले. "सगळ्यांना वाटतं?"

"बहुतेकांना."

"टाचणीताईंना?"

"त्यांना सगळ्यात जास्त. त्यांनी मला विचारलं आज."

मी नळ बंद केला. भावजी भिंतीकडे बघत म्हणाले, "सगळ्या लोकांचा अंदाज मी बरोबर केला होता, वहिनी. एका माणसाचा चुकला." मग ताट उगाच उलटं करून मागची बाजू पुसली. "आणि मला तोच एक बरोबर हवा होता."

मग मी बहिणीचंही सांगून टाकलं. त्यांनी उरलेली भांडी पुसली, फडकं पिळून दोरीवर टाकलं, कोपरे जुळवले. दाराशी जाऊन परत आले.

"उद्या दुपारी तुम्ही बाकावर याल का?"

"मी? मी कशाला?"

"गुडघा दाबायला."

मी येईन म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी गेले. पडद्याच्या एका कडेची शिवण उसवली आहे, असं निमित्त सांगितलं. उसवली नव्हती, सकाळी मीच दोन टाके उसवले होते. देव मला एवढं माफ करील. बाकावर एका टोकाला टाचणीताई, मध्ये भावजी, त्यांच्या या बाजूला मी. डबे उघडले. टाचणीताई जरा गप्प होती, पण गप्प राहणं तिच्या स्वभावात नाही. सकाळी आलेल्या एका गृहस्थाची गोष्ट तिने काढली. तो पँट सैल करून मागत होता आणि म्हणत होता, "मी जाड नाही झालो, धुऊन धुऊन कापड आटलंय." ती म्हणाली, "हो ना साहेब, आणि आटलंही फक्त पोटावरच!" सांगता सांगता तिलाच हसू फुटलं.

भावजींचा हात डब्याच्या झाकणाकडे गेला. झाकणावर टेकला आणि तिथेच राहिला.

टाचणीताईचं हसू ओसरलं. ती हाताकडे बघत होती. मीही हाताकडे बघत होते. हसून झाल्यावर पुढे काय करायचं, हे तिघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. आजवर या बाकावर गोष्ट इथेच संपत आली होती.

"काय हो भिंगराव," ती म्हणाली, "आज पाय झोपलेत का?"

"नाही. मी बसलोय," भावजी म्हणाले. "मला कंटाळा येत नाही. कधीच आला नव्हता. तुम्हाला माझा येईल म्हणून मी उठायचो."

मग त्यांनी रात्री मला सांगितलं होतं ते सगळं तिला सांगितलं. पाऊल, पर्स, गुडघा, सगळं. समोरच्या नळाकडे बघत सांगितलं. आणि सांगून झाल्यावर, थांबायचं कसं ते न सुचून, काचांवर घसरले. एकाच काचेत दोन नंबर असतात, त्यांची सीमारेषा दिसू नये म्हणून काय करतात, पहिल्यांदा असा चष्मा लावला की जिना का हलल्यासारखा वाटतो. बोलता बोलता अधूनमधून माझ्याकडे तिरपं बघत होते. गुडघा थोडा माझ्या बाजूला सरकवलाही. मी दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसले. दाबला नाही.

"बास!" टाचणीताई म्हणाली. "जिन्यापर्यंत मजा आली. आता माझं डोकं गरगरायला लागलं."

भावजी एकदम थांबले. मला वाटलं, आता उठतात.

"अहो, घाबरता काय असे? बास म्हणजे काचांचं बास. तुमचं नाही," ती म्हणाली. "मला पुरे झालं की मी सांगेन. माझ्या तोंडात टाचण्या असतात, कुलूप नसतं."

भावजींनी हे दोन-तीनदा स्वतःशीच घोळवलं असावं, त्यांचे ओठ हलत होते. मग विचारलं, "मी तुम्हाला कसा वाटतो?"

असा प्रश्न असा सरळ विचारलेला मी जन्मात ऐकला नव्हता. आमच्यात कोण विचारतं? ह्यांना मी कशी वाटते ते मी अजून विचारलेलं नाही. मला उठून जावंसं वाटलं, पण मध्येच उठण्याचा काय अर्थ लागतो ते आदल्याच दिवशी कळलं होतं.

टाचणीताईने डब्याचं झाकण उचललं. "खरं सांगू? पहिल्या दिवशी वाटलं, हे दुकान बंद आहे. शटर खाली. पुढेही बरेच दिवस तसंच वाटत होतं. मग एकदा मला सुईत दोरा ओवता येत नव्हता, चाळिशी लागली होती ना. तुम्ही न बोलता आलात, मशीनला एक भिंग बसवून दिलंत आणि न बोलता गेलात. तेव्हा वाटलं, दुकान उघडंच आहे, पाटी तेवढी लावलेली नाही." तिने डब्याचं झाकण हातात फिरवलं. "आणि आता सकाळपासून दुपार कधी होते, असं होतं मला. तुम्ही आजारी असलात की त्या दिवशी डबा उभ्यानेच खाते."

"मग जाऊ नका," भावजी म्हणाले.

तिने नळाखाली हात धुतले, पुसले. पुसतच राहिली.

"काल संध्याकाळीच कळवलं तिला. येते म्हणून," ती म्हणाली. "वहिनी घरी गेल्या, आणि मी फोन केला. तिने माझी खोली रंगवायलाही काढली असेल. तिची पाठ खरंच वाईट आहे हो. आता नाही म्हणायला माझी जीभ रेटत नाही."

एका संध्याकाळचा उशीर. वाटेत मी दोनदा थांबले होते, तेवढ्या वेळात फोन झालाही असेल. पण अशा हिशेबाला अंत नाही, आणि तो मांडणारी मी कोण?

महिनाभरात तिने दुकान आवरलं. तो महिना भावजी दुपारी शेवटपर्यंत बाकावर बसत. मालक दोनदा मागे येऊन बघून गेले, की भिंगरावांना बरं नाही की काय. जाण्याच्या दिवशी मशीन टेम्पोत चढवायला हेही गेले होते. घरी येऊन म्हणाले, "ती बाई रडत होती. हा काडी मोडलेल्या चष्म्यासारखा तोंड वाकडं करून उभा. एक शब्द बोलला नाही."

"मला जे वाटत होतं ते तिला माहीत होतं," भावजी आतून म्हणाले. "आता माहीत आहे."

त्यानंतरचे दिवस मी वहीत लिहिले आहेत, पण पुन्हा वाचवत नाहीत. त्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. भावजी डबा घेऊन जात आणि निम्मा परत आणत. आधी ते माणसांतून स्वतःच उठून यायचे. कुणी आपल्यातून उठून गेलं की कसं होतं, हे त्यांना नवीन होतं. एकदा ओट्यापाशी विचारलं, "वहिनी, आई गेल्यावर तुम्हाला असं झालं होतं का? कपड्यात टाचणी राहून गेल्यासारखं? चालताना टोचतं, शोधली तर सापडत नाही."

"झालं होतं," मी म्हटलं.

"मग काय केलंत?"

"देवाजवळ बसले."

"आणि देव?"

"तोही बसला," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

रविवारी तिचा फोन येऊ लागला. पहिल्या फोनला भावजी घामाघूम झाले. फोनवर पाय दिसत नाहीत! मागे सरली की पुढे, कळायचं कसं? पण ती सवयीने सांगत राहिली असणार: बास, आता हे पुरे, आता ते सांगा. दाराबाहेरून ऐकू येई ते भावजींचं लांबलचक बोलणं, मग लांबलचक शांतता, मग पुन्हा बोलणं. ती शांतता मला बोलण्याहून जड वाटे. एका रविवारी भावजी हसले. मोठ्याने. लेक खोलीतून धावत आली, "आई, काकांना काय झालं?"

गेल्या महिन्यात तिने बोलावलं. बहिणीने म्हटलं होतं, "दर रविवारी ज्याच्यापायी जेवण गार होतं, तो माणूस दाखव तरी मला एकदा."

भावजींची झोप उडाली. "वहिनी, पहिल्या भेटीत मी आवडत नाही. आणि बहिणीला बरंच कळतं, टाचणीताईच म्हणतात."

"तुम्ही मुक्कामाला जाताय ना? मग संध्याकाळी पहिली भेट, सकाळी दुसरी."

त्यांनी विचार केला. "संध्याकाळची वाईट गेली तर?"

"तर सकाळची आहेच."

"हे चालेल," ते म्हणाले, पण इस्त्री केलेला सदरा पुन्हा इस्त्री करायला बसले. ह्यांनी कपाटातून स्वतःचा चांगला कोट काढून दिला आणि जरा वेळाने, पेपर बाजूला करून, विचारलं, "मी येऊ का रे सोबत?" लग्नापासून एवढ्या वर्षांत ह्यांनी कुणासाठी पेपर बाजूला केलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. भावजी नको म्हणाले. "तू आलास तर म्हणशील, त्याचं असंच आहे. मला स्वतः सांगायचंय."

दोन दिवसांसाठी गेले होते. काल यायचे होते. काल फोन आला. "वहिनी, मालकांना सांगा, मी अजून थोडे दिवस राहतोय. बहीण पहिल्या दिवशी फार बोलली नाही. आज तिने स्वतःचा चष्मा काढून दिला, नाकावर रुततो म्हणून." मग जरा थांबून, "इथे दुकानांच्या रांगेत चष्म्यांचीही दुकानं आहेत. मी नुसतं बघून आलो."

मागे कुणीतरी मोकळं हसलं, आणि फोन चालूच राहिला. शेवटी मलाच ठेवावा लागला.

ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "दुकानं काय, सगळीकडेच असतात." आणि उठून भावजींच्या खोलीची उघडी खिडकी लावून आले. वारा नव्हता.

आज संध्याकाळी प्रार्थनेला बसले. रोजचं सगळं म्हणून झालं. मग हात तसेच जोडून बसून राहिले. भावजी लवकर घरी येऊ देत, हे तोंडावर आलं आणि तिथेच अडकलं. ते मागावं, तर तिकडे ती दुपारची वाट बघणारी बाई डोळ्यांसमोर येते. ते तिकडेच राहू देत, सुखात राहू देत, असं मागावं, तर जीभ उचलत नाही. ओट्याशी मी एकटीच भांडी घासत भिंतीकडे तोंड करून कुणाशी बोलू? शेवटी काहीच मागितलं नाही. नुसतं त्यांचं नाव घेतलं, मग तिचं घेतलं, आणि काय ते तूच बघ म्हणून उठले. मन कुठल्या बाजूला ओढ घेत होतं, ते देवाला मी सांगायला नको.